चवीपुरते मीठ

कॉम्प्युटरच्या धंद्यातल्या माणसाविषयी लोकांच्या मनात एक चमत्कारिक आदर असतो. हा गृहस्थ दिवसभर पडद्यापुढे बसून काहीतरी गहन लिहीत असणार, अशी सर्वांची समजूत असते. गेली सत्तावीस वर्षे मी पुण्यात प्रोग्रॅमर म्हणून नोकरी करीत आहे, आणि तेवढ्या अधिकाराने सांगतो की, ही समजूत साफ चुकीची आहे. प्रोग्रॅमर लिहितो थोडे आणि वाचतो फार. काय वाचतो म्हणाल, तर दुसऱ्याने लिहिलेला प्रोग्रॅम. आणि तो समजत नाही म्हणून त्या प्रोग्रॅमविषयी तिसऱ्याने लिहिलेली माहिती. या माहितीला आमच्यात 'डॉक्युमेंटेशन' असे भारदस्त नाव आहे. नवा मिक्सर घेतला की खोक्यातून एक पुस्तिका निघते ना, तिचीच ही थोरली बहीण. फरक एवढाच की, मिक्सरची पुस्तिका जन्मभर खणात पडून राहिली तरी चटणी वाटायची थांबत नाही. आमचे मात्र पानोपानी अडते.

वाङ्मयाच्या इतिहासात या प्रकाराला कोणी जागा दिलेली नाही. हा अन्याय झाला असे मी म्हणणार नाही; कारण हे वाङ्मय मी रोज वाचतो.

त्याची ओळख करून द्यायची तर कॉम्प्युटरपेक्षा स्वयंपाकघराच्या वाटेने जाणे सोयीचे. आमचे लग्न झाले त्या वर्षीच्या दिवाळीत आमच्या सौभाग्यवतीने माझ्या आईकडून चकल्या शिकून घ्यायचे ठरवले. वही आणि पेन्सिल घेऊन ती आईसमोर बसली.

"आई, भाजणीत मोहन किती घालायचं?"

"पिठाला लागेल तेवढं."

"आणि पाणी?"

"अगं, ते पीठच सांगतं."

"तेल तापलं हे कसं ओळखायचं?"

"कळतं."

तासाभराने मी वही पाहिली. तीत एकच ओळ उतरली होती : 'मीठ चवीपुरते.'

आई काही लपवीत नव्हती. सुनेला विद्या द्यायची नाही, असला सासुरवासाचाही प्रकार नव्हता. वर्षानुवर्षे चकल्या पाडून तिच्या हाताला सगळे ठाऊक झाले होते. एके काळी आपल्यालाही हे ठाऊक नव्हते, एवढे मात्र ती विसरून गेली होती. कमलाबाई ओगले यांचे 'रुचिरा' १९७० साली निघाले आणि घरोघर गेले, त्याचे मर्म मला त्या दिवशी उमगले. त्या पुस्तकाने वाटी आणि चमचा ही मापे धरली. वाटी कोणाच्याही घरात असते, अनुभव नसतो. नव्या सुनेच्या बाजूने विचार करणारे कोणीतरी ते पुस्तक लिहायला बसले होते.

आमच्या धंद्यात 'रुचिरा' कमी आणि 'पीठच सांगतं' फार. डॉक्युमेंटेशन लिहिणाऱ्याने प्रोग्रॅम स्वतः केलेला असतो, त्यामुळे त्याला सगळेच सोपे वाटते. त्याचे काही ठरलेले शब्द आहेत. 'फक्त' हा त्यातला सर्वात घातकी. 'फक्त अमुक फाइल बदलावी' असे वाक्य दिसले, की मी घरी फोन करून सांगतो, "आज जेवायला माझ्यासाठी थांबू नका." दुसरा शब्द 'योग्य'. 'या चौकटीत योग्य तो आकडा भरावा.' अहो, योग्य आकडा ठाऊक असता तर मी पुस्तक उघडले असते कशाला? काही लेखक तर वाचकाला काही कळू न देता पान भरण्यात पटाईत असतात. 'ग्राहक-प्रकार' नावाची चौकट असते आणि तिच्याखाली खुलासा असतो : 'येथे ग्राहकाचा प्रकार लिहावा.' 'पाठवा' या बटणाचे स्पष्टीकरण : 'हे बटण दाबले असता पाठवले जाते.' रामाचे नाव काय, तर राम!

एकदा मध्यरात्री आमचा सर्व्हर बंद पडला. पुस्तिकेतले बारा उपाय मी क्रमाने करून पाहिले. तेरावा उपाय असा होता : 'तरीही अडचण दूर न झाल्यास आपल्या सिस्टिम ॲडमिनिस्ट्रेटरशी संपर्क साधावा.' त्या कंपनीचा सिस्टिम ॲडमिनिस्ट्रेटर मीच होतो. मी स्वतःशी संपर्क साधला. पलीकडून काही उत्तर आले नाही.

एका पानावरून दुसऱ्या पानावर आणि दुसऱ्यावरून पुन्हा पहिल्यावर पाठवणे हा तर या वाङ्मयाचा आवडता खेळ. डोनाल्ड कनूथ हे आमच्या शास्त्रातले ऋषितुल्य नाव. त्यांच्या प्रोग्रॅमिंगवरच्या मोठ्या ग्रंथाच्या सूचीत त्यांनी या खेळाची मुद्दाम थट्टा केली आहे. 'चक्राकार व्याख्या' शोधायला जावे तर तिथे म्हटले आहे, 'व्याख्या, चक्राकार' पाहा; आणि तिथे गेले की परत पहिल्या जागी रवानगी! परंतु हेच कनूथ आपल्या पुस्तकात चूक दाखवून देणाऱ्याला २ डॉलर ५६ सेंट बक्षीस देत आले. २५६ हा आकडा कॉम्प्युटरवाल्यांचा लाडका. त्यांचा धनादेश हाती पडलेल्या कित्येक लोकांनी तो बँकेत न टाकता चौकटीत बसवून भिंतीवर लावला. ज्याला आपल्या लिखाणातल्या चुकीचे एवढे मोल वाटते, त्याने थट्टा केलेली शोभते.

अडलेल्या माणसाने अनुभवी माणसाला शंका विचारली, की आमच्यात चार अक्षरांचे एक उत्तर फेकण्याची चाल आहे : आर, टी, एफ, एम. पहिल्याचा अर्थ 'वाच', दुसऱ्याचा 'ते', चौथ्याचा 'मॅन्युअल', म्हणजे माहितीपुस्तक. तिसरे अक्षर मॅन्युअलचे विशेषण आहे. पण घरातली सगळी मंडळी वाचतात अशा दिवाळी अंकात ते उलगडून सांगण्यासारखे नाही. आपल्याकडचे मास्तर 'धडा वाचून ये' म्हणून हाकलून देत, त्यातलाच हा प्रकार. पण धडा वाचला म्हणूनच पोराला शंका आलेली असते, हे मास्तरांच्याही ध्यानात येत नसे आणि या मंडळींच्याही येत नाही.

असे अडून अडून हैराण झालेल्या लोकांत विनोद जन्माला आला नाही तरच नवल. शिपायाच्या गोष्टी छावणीत तयार होतात, तशा आमच्या गोष्टी मॅन्युअलच्या समासात तयार झाल्या. अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी युनिक्स नावाची प्रणाली उभी केली. तिचे पहिले मॅन्युअल ३ नोव्हेंबर १९७१ या तारखेचे आहे. त्यात एकेका आज्ञेची माहिती ठरीव मथळ्यांखाली दिलेली आहे : नाव, वापर, वर्णन. त्याच मथळ्यांत एक मथळा होता 'बग्ज', म्हणजे उणिवा. आपल्या मालातले वैगुण्य मालाबरोबरच लिहून द्यायचे! लग्न ठरवताना मुलाकडच्यांनी पत्रिकेसोबत 'मुलगा सकाळी दहापर्यंत उठत नाही' असे लिहून पाठवावे, तशातली ही गोष्ट. मला हा मथळा फार आवडतो. बाकीचे मॅन्युअल यंत्राविषयी बोलते. या मथळ्याखाली माणूस बोलतो.

तर या 'उणिवा' मथळ्याखाली पुढे एक मासा येऊन पडला. १९८३च्या सुमारास बर्कली विद्यापीठाच्या युनिक्समध्ये 'ट्यूनएफएस' नावाची आज्ञा आली. डिस्कवरची फायलींची व्यवस्था नीट सुरात लावणे, म्हणजे ट्यून करणे, हे तिचे काम. ट्यूना नावाचा एक मासा असतो. त्यावर कोटी करून लेखकाने उणिवांत नोंदवले की, या आज्ञेने फायलींची व्यवस्था सुरात लावता येते, मासा मात्र लावता येत नाही. एवढ्यावर भागले नाही. छापताना दिसणार नाही अशी एक तंबी त्या पानाच्या मूळ मजकुरात दडवलेली सापडते. तिचा आशय असा की, जो कोणी ही कोटी काढून टाकील, त्याचा पिच्छा युनिक्सचे भूत कालगणनेचा आकडा संपेपर्यंत सोडणार नाही. जुन्या यंत्रांतला तो आकडा १९ जानेवारी २०३८ रोजी संपतो. आपल्या साडेसातीला निदान साडेसात वर्षांची हद्द असते!

इंटरनेटचे नियम ज्या कागदांत लिहिले जातात, त्यांची कुळकथाही अशीच घरगुती आहे. स्टीव्ह क्रॉकर नावाच्या तरुण विद्यार्थ्याने त्यातला पहिला कागद ७ एप्रिल १९६९ या तारखेने काढला. तो तेव्हा मित्रांकडे उतरला होता. रात्री दिवा लावून त्यांची झोपमोड होऊ नये म्हणून त्याने तो स्नानगृहात बसून लिहिला. पोरसवदा वयात आपण कोणाला हुकूम सोडतो आहोत असे वाटू नये, म्हणून त्याने कागदाला नाव दिले, 'अभिप्राय मागवीत आहोत'. आज जगाचा टपालव्यवहार आणि पैशाची देवघेव ज्या नियमांवर चालते, ते अजूनही याच विनयी नावाखाली निघतात.

या गंभीर कागदांत १ एप्रिल १९९० रोजी ११४९ क्रमांकाचा एक कागद निघाला. कबुतराच्या पायाला चिठ्ठी बांधून इंटरनेट कसे चालवावे, याचे त्यात अगदी सरकारी थाटात निरूपण होते. नॉर्वेतल्या बर्गेन गावच्या काही उत्साही मंडळींनी २००१ साली ते खरोखर करून पाहिले. नऊ निरोप पाठवले, चारांची उत्तरे आली. आणि एकेका उत्तराला सुमारे ५३ मिनिटांपासून पावणेदोन तासांपर्यंत वेळ लागला. ही हकिकत मी घरी सांगितली तेव्हा सौभाग्यवती म्हणाली, "अहो, पण त्या कागदावरून कबुतर चाललं ना? तुमच्या ऑफिसातल्या कागदावरून काय चालतं?" हा प्रश्न मी अभिप्रायासाठी ठेवून दिला आहे.

याच मालिकेतला मार्च १९९७चा एक कागद मात्र गंभीर आहे आणि तो मला प्रत्येक कुटुंबात असावासा वाटतो. नियमात 'केलेच पाहिजे', 'केलेले बरे' आणि 'केले तर चालेल' हे शब्द वापरले, तर प्रत्येकाचा नेमका अर्थ काय धरावा, एवढेच त्यात सांगितले आहे. आपल्या लग्नपत्रिकांना तो लावून पाहा. 'अगत्य येण्याचे करावे' यातला 'करावे' कोणत्या दर्जाचा? आणि 'आहेर आणू नये' यातला 'नये'? या एका 'नये'च्या अर्थावरून दोन घरांतले बोलणे वर्षभर बंद राहिल्याचे मी पाहिले आहे.

हे सगळे हसण्यावारी नेले तरी त्याच्या खाली एक टोचणारी गोष्ट आहे. १९७५ साली युनिक्सची सहावी आवृत्ती निघाली. तिच्या आतल्या एका अवघड जागी, 'हे तुम्हाला समजावे अशी अपेक्षा नाही' अशा अर्थाचा एक शेरा होता. आमच्या धंद्यातला हा सर्वात प्रसिद्ध शेरा. त्याच्यावर विनोद झाले, तो सदऱ्यांवर छापला गेला. पुढे रिचींनी खुलासा केला की, त्यात उद्धटपणा नव्हता. 'हा भाग परीक्षेला येणार नाही' असे मास्तर सांगतात, तशा भावनेने तो लिहिला होता. आणि त्यांनी आणखी एक गोष्ट मोकळेपणाने सांगितली : खरी अडचण अशी होती की, तो भाग त्यांना स्वतःलाही नीट समजला नव्हता.

हाच प्रोग्रॅम समजून घ्यायला ऑस्ट्रेलियात न्यू साउथ वेल्स विद्यापीठातले जॉन लायन्स नावाचे एक प्राध्यापक पुढे आले. १९७६-७७च्या सुमारास त्यांनी आपल्या विद्यार्थ्यांसाठी त्या प्रणालीच्या सुमारे नऊ हजार ओळी एका पुस्तकात छापल्या आणि दुसऱ्या पुस्तकात त्यांच्यावर टीका लिहिली. मालकी हक्काच्या कटकटींमुळे ते पुस्तक उघडपणे विकता येईना. मग जगभरचे विद्यार्थी त्याच्या छायाप्रती काढून, छायाप्रतींच्या छायाप्रती काढून ते वाचू लागले. ते रीतसर बाजारात आले १९९६ साली. लोक पुस्तिका वाचत नाहीत, अशी तक्रार करणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे. समजावून सांगणारे पुस्तक असेल, तर लोक पुसट अक्षरांवरूनही वाचतात.

मी 'टीका' हा शब्द सहज लिहून गेलो. आज टीका म्हटले की आपण समोरच्याचे वाभाडे काढायला बाह्या सरसावतो. पण शके १२१२ मध्ये, म्हणजे १२९० साली, नेवाशाला गीतेवर मराठीत जी टीका सांगितली गेली, ती ज्यांना संस्कृत येत नव्हते त्यांच्यासाठी होती. ज्याला कळले आहे त्याने न कळलेल्याच्या शेजारी येऊन बसणे, हा त्या शब्दाचा मूळचा अर्थ. आमच्या धंद्यात दोन्ही अर्थांच्या टीका चालतात. पैकी पहिलीला माणसे कमी पडत नाहीत.

आणि हे शेजारी बसणे नुसते सौजन्याचे काम नाही. १९८५ ते १९८७ या काळात अमेरिकेत आणि कॅनडात कर्करोगावर किरणोपचार करणाऱ्या 'थेरॅक-२५' नावाच्या यंत्राने सहा रुग्णांना भलताच मोठा डोस दिला. त्यातल्या काहींना प्राण गमवावे लागले. टेक्सासमधल्या टायलर गावी मार्च १९८६मध्ये एका रुग्णावर उपचार चालू असताना पडद्यावर अक्षरे उमटली : 'बिघाड ५४'. यंत्र चालवणाऱ्या बाईंजवळच्या पुस्तिकेत या आकड्याचा अर्थच दिलेला नव्हता. असले आकडे त्या यंत्रावर एरवीही वरचेवर दिसत. 'पुढे चालू' करण्याची कळ दाबली की काम पुढे जाई. बाईंनी ती कळ दाबली आणि रुग्णाला दुसरा तडाखा बसला. मूळ दोष प्रोग्रॅममध्ये होता, हे खरे. पण '५४' या दोन आकड्यांऐवजी त्या ठिकाणी एक सरळ वाक्य असते तर? ते लिहायला कोणाची पाच मिनिटे गेली असती. 'योग्य तो आकडा भरावा' याला मी हसतो, पण ही हकिकत वाचल्यापासून पूर्वीसारखा मोकळेपणाने हसत नाही.

आमच्या हातून असले प्राणघातक काही चालत नाही. आमचा व्यवहार रुपये-आण्यांचा. तरीपण एका ओळीची गोष्ट सांगतो.

एका सहकारी पतसंस्थेच्या कर्जखात्यांचा प्रोग्रॅम अनेक वर्षे आमच्याकडे आहे. यंत्रे बदलली, भाषा बदलली, पण हिशेबाचे नियम जुन्यावरून नव्यात जसेच्या तसे उतरवले गेले. त्यात एक ओळ होती. शाखेचा क्रमांक १७ असेल, तर हप्ता चुकल्याचे दंडव्याज एक दिवस उशिरा सुरू करावे. आणि तिच्या डोक्यावर शेरा : 'हे काढू नये.' सही नाही, तारीख नाही, कारण नाही. पुण्यातल्या कित्येक पाट्या अशाच असतात. पण 'येथे सायकल लावू नये' या पाटीमागे एखादा विशिष्ट सायकलवाला आणि त्याच्याशी झालेले एक विशिष्ट भांडण असणार, एवढे निदान कळते. इथे तेही कळत नव्हते.

हिशेब तपासनिसांनी हरकत घेतली : एकाच शाखेला सवलत का? काढून टाका. आमच्याकडे नव्याने आलेली एक मुलगी हे काम पाहत होती. तिने ओळ काढायचे नाकारले.

"सर, कुणीतरी मुद्दाम लिहिलंय. का लिहिलं ते कळल्याशिवाय कशी काढू?"

हल्ली कृत्रिम बुद्धीची यंत्रे प्रोग्रॅम वाचून त्याचे डॉक्युमेंटेशन लिहून देतात. तिने ती ओळ यंत्राला दाखवली. यंत्राने क्षणात सुरेख भाषेत सांगितले की, सतराव्या शाखेचे दंडव्याज ही ओळ एक दिवस उशिरा सुरू करते, आणि बहुधा हा संस्थेचा एखादा विशेष नियम असावा. अगदी बरोबर. ओळीत जेवढे होते तेवढे त्याने वाचले होते. कारण ओळीत नव्हतेच, ते बिचारे आणणार कोठून?

ओळ लिहिणारे गृहस्थ आमचे जुने वरिष्ठ. सगळे त्यांना 'काका' म्हणत. दहा वर्षांपूर्वी ते निवृत्त झाले. मी त्यांच्या घरी फोन केला तो काकूंनी घेतला. "या की," त्या म्हणाल्या, "पण त्यांना आता फारसं काही आठवत नाही. वाईट वाटून घेऊ नका."

आम्ही दोघे गेलो. काका खिडकीशी बसले होते. कपडे पूर्वीसारखेच परीटघडीचे. मला त्यांनी ओळखले नाही; पण चहा घेतला का, असे तीन वेळा विचारले. मुलीने त्यांच्यापुढे ती ओळ छापलेला कागद धरला. त्यांनी चष्मा लावून ती सावकाश वाचली, एकदा बोट फिरवून पुन्हा वाचली, आणि प्रसन्न हसून म्हणाले, "नीट लिहिलंय. कुणी लिहिलंय हे?"

मला काय बोलावे ते सुचेना. मुलगी मात्र म्हणाली, "तुम्हीच लिहिलंय, काका." त्यावर त्यांनी मान डोलावली, जणू दुसऱ्या कोणाची तारीफ ऐकावी तशी.

आम्ही निघालो तेव्हा काकूंनी थांबवले. "त्यांना रोजचं लिहायची सवय होती. त्या डायऱ्या आहेत बघा," असे म्हणून त्यांनी पलंगाखालची ट्रंक ओढली. वर्षावार लावलेल्या डायऱ्या होत्या. पुढची चार संध्याकाळी ती मुलगी कचेरी सुटल्यावर त्यांच्याकडे जाऊन बसत होती. काकू तिला पोहे करून घालीत आणि काका तिला रोज नव्याने नाव विचारीत. चौथ्या दिवशी तिला नोंद सापडली. दूध दीड लिटर, इस्त्रीचे पैसे आणि गॅसचा नंबर लावल्याची आठवण यांच्यामध्ये काकांच्या बारीक अक्षरात मजकूर होता.

सतराव्या शाखेत तेव्हा कॉम्प्युटर नव्हता. दिवसभरच्या पावत्यांचे गाठोडे रात्री गावात मुक्कामाला येणाऱ्या एस.टी.ने दुसऱ्या दिवशी सकाळी तालुक्याला जाई आणि नोंद तेथे होई. त्यामुळे ज्याने शेवटच्या दिवशी वेळेवर हप्ता भरला, त्याच्याही नावावर एक दिवसाचे दंडव्याज चढे. एक म्हातारी बाई पावती घेऊन तालुक्याच्या कचेरीत आली होती. दंड होता अकरा रुपये, आणि यायला-जायला तिला त्याहून जास्त भाडे पडले होते. काका त्या दिवशी कामासाठी तेथे गेलेले होते. शेवटी त्यांनी लिहिले होते : 'बाईचे बरोबर आहे. प्रोग्रॅम बदलला.'

ती शाखा पुढे तालुक्याला जोडली गेली. आता पावती फाडताक्षणी नोंद होते आणि एस.टी.च्या मुक्कामावर काही अवलंबून नाही. तेव्हा ती ओळ आता खरोखरच नको होती. कारण सापडले, म्हणूनच ती निर्धास्तपणे काढता आली. इतकी वर्षे प्रत्येकजण तिला शिवायला भीत होता, तो कारण ठाऊक नव्हते म्हणून. काय केले आहे ते यंत्र वाचून सांगते, उद्या आणखी चांगले सांगेल. का केले, ते मात्र त्या दिवशी तेथे जो हजर असेल त्यानेच लिहून ठेवावे लागते. आणि तो विसरण्याच्या आत.

मुलीने ओळ काढली आणि तिच्या जागी कामाच्या इतिहासात एक टिपण जोडले. त्यात शाखा होती, एस.टी. होती, अकरा रुपये होते, काकांच्या डायरीतली तारीख होती. वाटी आणि चमच्याच्या मापात लिहिलेले टिपण. काकूंसाठी तिने त्याची एक प्रत छापून नेली. त्यांनी ती त्याच डायरीत त्याच पानात घालून ठेवली.

ते टिपण माझ्याकडे तपासायला आले होते. मी त्यात एका अक्षराचाही बदल केला नाही. अगदी शेवटी, जुन्या युनिक्सच्या रीतीप्रमाणे, तिने 'उणिवा' असा मथळा घातला होता आणि त्याखाली एकच वाक्य लिहिले होते : 'पावती घेऊन आलेल्या बाईंचे नाव डायरीत नाही.'